पोटखराबा

परवा रात्री सुरेशदादाचा फोन आला. सुरेशदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तो गावी राहून शेती बघतो आणि आम्ही बाकीचे पुण्या-मुंबईत बसून त्याला सल्ले देतो. त्यामुळे त्याचा फोन आला की मी आधीच जरा ओशाळलेली असते.

"अगं, माळावर झाडं लावायची म्हणतोय. चार हजार रोपं मिळतायत फुकट. खड्डे मृगाआधी व्हायला पाहिजेत. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, तेव्हा तुझी सही लागेल."

झाडं लावायची म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मीही लगेच "हो हो, छानच" म्हणून मोकळी झाले. मग दादा म्हणाला, "नाहीतरी पोटखराबाच आहे. नुसतं गवत. पडून आहे कधीचं." आणि तिथे मला कुठेतरी टोचलं. फोन ठेवल्यावर झोप काही येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. आमचा सात एकरांचा माळ भीमेच्या खोऱ्यात आहे. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. ह्या 'खराब्या'वर आजीने आयुष्यभर चार जनावरं पोसली. दिवाळी झाली की गवत कापायला सगळं घर माळावर. पवन्या, मारवेल वेगळं बांधायचं. कुसळीची कुसळं लुगड्यात अडकली की संध्याकाळी ओसरीवर बसून एकेक काढायची. पेंढ्यांची गंजी रचली की आजी म्हणायची, आता आखाडापर्यंत काळजी नाही.

तर ह्या निमित्ताने गेले पंधरा दिवस मी एकच वाचत बसले आहे: माळावरची झाडं आणि गवत पाणी कसं वाटून घेतात. माणसांना हे कळायला किती वेळ लागला, ह्याचीही एक गोष्ट आहे. ती आधी सांगते, मग दादाच्या सहीकडे येते.

ज्या प्रदेशात गवत सलग असतं आणि झाडं विखुरलेली असतात, पाऊस वर्षातले काही महिनेच पडतो, त्याला जगभर सव्हाना म्हणतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो उचलला. आपण शाळेच्या भूगोलात सव्हाना म्हणजे आफ्रिका, सिंह आणि जिराफ एवढंच शिकलो. आपल्या गावामागचा माळ हाही त्याच कुळातला, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सहामाहीत दोन मार्क जास्त पडले असते!

सव्हानाचं कोडं असं. झाड आणि गवत दोघांनाही पाणी हवं. एक जिंकायला हवा ना? पाऊस जास्त तर सगळं झाडांनी भरून जावं, कमी तर नुसतं गवत उरावं. मग हे दोघे लाखो वर्षं शेजारी शेजारी नांदतात कसे?

ह्याचं पहिलं नीट उत्तर दिलं हाइनरिश वाल्टर ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८९८ साली ओडेसात जन्मलेला हा माणूस १९३० च्या दशकात आफ्रिकेत हिंडला. त्या वेळी ज्याला नैऋत्य आफ्रिका म्हणत, म्हणजे आजचा नामिबिया, तिथली वाळवंटाच्या कडेची कुरणं त्याने पाहिली आणि १९३९ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. गवताची मुळं दाट, केसांच्या जटेसारखी, वरच्या थरात पसरलेली. पाऊस पडला की पहिला घोट गवताचा. ते भराभर पितं, भराभर वाढतं, बी टाकतं आणि वरची माती सुकली की वाळून जातं. त्याच्या तावडीतून सुटून जे पाणी खाली झिरपतं, त्यावर झाडं जगतात. म्हणजे एकाच घरात दोन बिऱ्हाडं, वरच्या मजल्यावर गवत आणि तळमजल्यावर झाड. ह्याला पुढे 'दोन थरांचा सिद्धान्त' असं नाव पडलं.

वाल्टरने त्यातून आणखी एक गोष्ट काढली, ती मला फार महत्त्वाची वाटते. गुरं बेसुमार चारली आणि गवत संपलं, तर वरचं पाणी पिणारं कोणी उरत नाही. ते खाली जातं आणि काटेरी झुडपं माजतात. म्हणजे कुरण बिघडलं की तिथे झाडोरा वाढू शकतो. हिरवं वाढलं म्हणजे सुधारलंच, असं नाही.

ह्याच वाल्टरने हवामानाचे साधे आलेख काढायची रीत रूढ केली. तापमानाच्या १० अंशांना पावसाचे २० मिलिमीटर अशी जोडी लावायची. पावसाची रेघ तापमानाच्या खाली गेली की तो कोरडा काळ. मी आमच्या भागाचा असा आलेख कागदावर काढून पाहिला. दिवाळीच्या सुमारास पावसाची रेघ जी खाली जाते ती थेट जूनला वर येते. सात महिने कोरडे. हे सात महिने कोण कसे काढतं, त्यात माळाचं सगळं गणित आहे.

पण मुळं जमिनीखाली. ती नक्की कुठलं पाणी पितात हे बघायचं कसं? इथे दोन युक्त्या कामी आल्या. १९३२ मध्ये ब्रुनो ह्यूबर ह्या शास्त्रज्ञाने झाडाच्या खोडाला किंचित उष्णता देऊन ती वर सरकायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यावरून आतला रस किती वेगाने चढतो ते कळतं. आपण मनगटावर बोट ठेवून नाडी बघतो, तसंच. १९८५ मध्ये आंद्रे ग्रॅनिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सोपी, स्वस्त रीत काढली आणि मग रानोमाळ झाडांच्या नाड्या बघणं सुरू झालं.

दुसरी युक्ती पाण्याच्या ओळखपत्राची. पाण्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडा जड हायड्रोजनही असतो. वरच्या मातीतलं पाणी उन्हाने उडतं तेव्हा हलकं आधी जातं, जड मागे राहतं. खोलवरच्या पाण्यात तसं होत नाही. आणि बहुतेक झाडांची मुळं पाणी घेताना हे प्रमाण बदलत नाहीत. मग फांदीतलं पाणी तपासलं की ते कुठल्या मजल्यावरून आलं ते कळतं.

ह्या साधनांनी १९९० च्या दशकात उत्तर ऑस्ट्रेलियात, डार्विन शहराजवळच्या सव्हानात एक सुरेख अभ्यास झाला. तिथे पाऊस सतराशे मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा चार-पाच महिन्यांत. पावसात झाडांखाली रानज्वारीच्या जातीचं गवत माणसापेक्षा उंच वाढतं. पावसाळा संपता संपता वादळं येतात, गवत आडवं होतं, वाळतं आणि संपतं. वर निलगिरीची सदाहरित झाडं तशीच उभी. ओ'ग्रेडी, ईमस आणि हटली ह्यांनी १९९९ मध्ये लिहिलं की कोरड्या महिन्यांतही ही झाडं पाणी पिणं कमी करत नाहीत. हवा कोरडी झाल्यामुळे उलट थोडं जास्तच पितात! पावसाळ्यात जमिनीतून हवेत जाणाऱ्या पाण्यात मोठा वाटा गवताचा आणि मातीचा, कोरड्या दिवसांत झाडांचा. म्हणजे वाटणी नुसती मजल्यांची नाही, महिन्यांचीही आहे.

हे वाचलं आणि मला एकदम गुढीपाडवा आठवला.

बघा ना. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पानं खातो. ती येतात कुठून? चैत्रात पाऊस कुठला? विहिरी तळाला गेलेल्या, गवत वाळून पांढरं झालेलं, आणि नेमकी तेव्हाच झाडांना पालवी. पळसाचंही तसंच. फाल्गुनात पान नाही, नुसता फुलांचा जाळ, आणि वैशाखाच्या रणरणत्या उन्हात तीन तीन नवी पानं. आपल्या भाषेत त्याला शब्दच आहे: चैत्रपालवी. आपण तो साड्यांच्या जाहिरातीत वाचतो आणि पुढे जातो. पण २००६ मध्ये एलियट, बेकर आणि बोर्चर्ट ह्यांनी ह्याच गोष्टीवर एक निबंध लिहिला आणि तिला आशियाई मोसमी रानांचं कोडं म्हटलं. थायलंड आणि भारतातली बरीच पानझडी झाडं पहिल्या पावसाच्या महिना-दोन महिने आधी, सगळ्यात कोरड्या दिवसांत पानं काढतात. गेल्या पावसाळ्याचं खोल मुरलेलं पाणी वापरून, दिवस मोठा होत चालल्याची खूण ओळखून. पाऊस येतो तेव्हा पान तयार असतं, एक दिवस वाया जात नाही. गवताला हे जमत नाही. त्याला मृगाची वाट बघावीच लागते. पण एकदा पाऊस पडला की गवताइतकं चपळ कोणी नाही.

म्हणजे वर्षाच्या एकाच कॅलेंडरवर दोघांच्या वेगवेगळ्या तारखा आहेत. आषाढ ते आश्विन गवताचा, फाल्गुन ते ज्येष्ठ झाडाचा. थोडा काळ भांडणाचा, तोही असतो.

आता थोडं वाल्टरच्या चुकीबद्दल, किंवा खरं तर आपल्या चुकीबद्दल. त्याचा सिद्धान्त इतका देखणा होता की लोकांनी तो सगळीकडे लावला. मग मोजमापं आली आणि दिसलं की झाडांची बरीचशी बारीक मुळं वरच्याच थरात, गवताच्या मुळांतच गुंतलेली असतात. शिवाय झाड काही मोठं म्हणून जन्माला येत नाही. रोपटं असताना त्याला गवताच्याच मजल्यावर, गवताशी झटापट करूनच पाणी मिळवावं लागतं. तेव्हा काहींनी वाल्टरला मोडीत काढलं. २०१३ मध्ये वॉर्ड, विगांड आणि गेट्झिन ह्यांनी त्याचं मूळ लिखाण पुन्हा वाचून दाखवून दिलं की त्याचं बोलणं कोरड्या सव्हानाबद्दल होतं. सगळ्या जगाला ते लावलं इतरांनी. मूळ न वाचता मत देणं ही काही फक्त आपल्याकडची पद्धत नाही, एवढंच समाधान.

झाडाची मुळं खोल जातात तेव्हा किती खोल जावीत? कालाहारीत बोअर मारताना एका झाडाची मुळं ६८ मीटर खोल सापडल्याची नोंद आहे. आमच्याकडे सव्वादोनशे फुटांवर बोअरला पाणी लागलं तर पेढे वाटतात.

आणि झाड-गवत हे वैरीच असतात असंही नाही. केनियातल्या त्सावोच्या कोरड्या रानात एकट्यादुकट्या बाभळीखाली आणि गोरखचिंचेखाली उघड्या माळापेक्षा गवत जास्त वाढतं, असं १९८० च्या दशकात दिसून आलं. आमच्या माळावर मधोमध एक जुना हिवर होता. त्याच्या सावलीतलं गवत कार्तिकातही ओलसर असायचं आणि आजी ते सगळ्यात शेवटी कापायची. मुद्दा आहे एकट्यादुकट्याचा. एक हिवर असला तर सावली, हजार असले तर वाटेकरी.

किती वाटेकरी परवडतात? २००५ मध्ये महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र केली. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडांचं छत्र किती दाट होऊ शकतं ह्याची कमाल मर्यादा पाऊसच ठरवतो. त्याहून जास्त पाऊस असेल तर रान मिटू शकतं. वणवे आणि चरणारी जनावरं असतील तरच ते उघडं राहतं. आकडा आफ्रिकेचा आहे, जसाच्या तसा आपल्याला लावायचा नाही. पण पाचशे मिलिमीटरच्या गावाने निदान दचकावं तरी.

साधा हिशेब करून बघितला. एका एकरावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण वीस लाख लिटर, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. ऐकायला खूप. पण त्यातलं काही वाहून जातं, काही उन्हाने उडतं, आणि उरलेल्यात गवत, झाडं, किडेमुंग्या आणि खालच्या विहिरी. वर्षभरात दुसरा टँकर येणार नाही. डार्विनच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी पुरतं, कारण तिथे खोल माती आणि सतराशे मिलिमीटरची ठेव आहे. आमच्या मुरमात ठेव ठेवायला बँकच लहान.

मग आपण माळाला पडीक का म्हणायला लागलो? इंग्रजांच्या हिशेबात जमीन दोन कामांची: सारा देणारी शेती किंवा लाकूड देणारं जंगल. माळ दोन्हींत बसेना. १९३६ मध्ये चॅम्पियनने भारतातल्या वनप्रकारांची वर्गवारी केली, १९६८ मध्ये सेठ ह्यांच्याबरोबर ती सुधारली. त्यात दख्खनच्या कोरड्या भागाला काटेरी वनाचं नाव मिळालं. गवताळ भाग म्हणजे तोडून, जाळून, चारून बिघडलेलं वन, ही समजूत पक्की होत गेली. १९७३ मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण ह्यांनी भारतातल्या गवतांवर मोठं पुस्तक लिहिलं, पवन्या-मारवेलाच्या पट्ट्याला त्यात मानाचं पान दिलं. पण गवत ही वनाकडे जातानाची एक पायरी, हाच त्यांचाही सूर. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आलं, वर्षाला ५० लाख हेक्टरांचं लक्ष्य घेऊन. हेतू चांगलाच होता, सरपण आणि चारा. पण पडीक कशाला म्हणायचं ते आधीच ठरून गेलेलं होतं.

आणि माळ खरोखर तोडलेलं जंगल आहे का? सिवालिकच्या मातीत सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशातली गवतं पसरल्याच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हा कुऱ्हाड कुठली, माणूसच नव्हता. २०११ मध्ये जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच मांडलं की भारतात ज्याला आपण कोरडं जंगल म्हणतो त्यातलं बरंचसं मुळात सव्हाना आहे. आणि २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील ह्यांनी फार गोड काम केलं: जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोकपरंपरेत आलेली रानझाडं तपासली. साडेसातशे वर्षं मागे गेलं तरी तिथे माळावरचीच झाडं जास्त भेटतात. म्हणजे आपल्याच ओव्यांत पुरावा होता आणि आपण सातबारा वाचत बसलो.

आता घरचं. हे लिहावं की नाही असं वाटत होतं, पण सगळ्या भावंडांना माहीतच आहे. १९८६ मध्ये आमच्या बाबांनी ह्याच माळाच्या दोन एकरांवर निलगिरी लावली होती. रोपं मिळाली होती, उत्साह होता. आजीने एवढंच विचारलं, "जनावरं काय पानं खातील का रे?" बाबा हसले. पाच-सहा वर्षांत निलगिरी उंच झाली आणि खालचं गवत विरळ होत होत गेलं. जुना हिवर ओळीत येत होता म्हणून आधीच तोडला होता. विहीर पुढे आटली. ती निलगिरीमुळेच आटली असं मी म्हणणार नाही. त्याच काळात वस्तीवर बोअर वाढल्या, उसाचे दोन फड वाढले. पण गवत गेलं हे डोळ्यांनी पाहिलं. १९९३ मध्ये आजीने शेवटची म्हैस विकली. बाबा शेवटपर्यंत त्या विषयावर बोलले नाहीत. निलगिरी तोडून आता वीसेक वर्षं झाली, तरी त्या दोन एकरांत पवन्या नीट परत आलेला नाही. बाकीच्या पाचांत अजून आहे.

म्हणून, दादा, ही सही अजून केलेली नाही. रागावू नकोस. तू तिथे उन्हात राबतोस आणि मी इथे पंख्याखाली बसून तुला वाल्टर सांगते आहे, हे मला कळतं. झाडं लावू नकोस असं मी म्हणत नाही. ओढ्याच्या कडेला लाव, बांधावर लाव, घरामागे चिंच-आंबा लाव. माळावर लावायची तर हिवर, बोर, पळस, मोजून वीस-पंचवीस, लांब लांब. आणि त्यातला एक मधोमध, जुन्या हिवराच्या जागी. पण चार हजार खड्डे म्हणजे चार हजार नवे वाटेकरी, आणि उरलेल्या पाच एकरांतल्या गवताची मुळं आपणच कुदळीने उपटणार. झाड पुन्हा लावता येतं. जुनं गवत नर्सरीत मिळत नाही.

फुकट रोपं सोडायची म्हणजे जिवावर येतं, मान्य. गवत विकून सातबाऱ्याचं पोट भरत नाही, हेही मान्य. त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. तुझ्या दोन गाई आणि शेजारच्या वस्तीवरच्या मेंढ्या ह्या हिशेबात धरायच्या की नाही, ते तिथे उभं राहूनच ठरवू.

हे एवढं सगळं काल रात्री दादाला फोनवर, जरा कमी शब्दांत, सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "निलगिरीच्या वेळी मी होतो गं. हिवर मीच तोडला होता, काकांनी सांगितलं म्हणून." हे मला माहीत नव्हतं.

येत्या रविवारी जाते आहे गावी. वैशाख आहे, माळ पार पांढरा पडला असेल. खड्ड्यांची आखणी त्याने तोवर थांबवली आहे.